फिल्म नाकारली गेल्यावर: कोल्हापुरात राहून सिनेमा करणाऱ्यांसाठी

गेल्या महिन्यात शाहू स्मारक भवनातून एक शो बघून बाहेर पडत होतो. दसरा चौकात गाडी काढताना एक मुलगा जवळ आला. बावीस-तेवीस वर्षांचा असेल. म्हणाला, "दादा, अकरा महोत्सवांना पाठवली फिल्म. अकराही ठिकाणांहून नाही आलं. आता सोडून देऊ का हे?" उभ्याउभ्या मी त्याला जे सांगितलं ते अर्धंमुर्धं होतं. घरी आल्यावर वाटलं, हे नीट लिहून द्यायला हवं. मला हे कुणी सांगितलं नव्हतं आणि त्यापायी माझी दोन वर्षं नुसती धुसफुशीत गेली.

मी बारा वर्षं लघुपट आणि माहितीपट करतोय. पोटासाठी लग्नाची शूटिंग आणि दुकानांच्या जाहिराती करतो. माझ्या वहीत आजवरचे 63 नकार आणि 9 निवडी आहेत. त्या वहीतून जे कळलं ते क्रमाने सांगतो. त्यातली एक गोष्ट आधी सांगायला हवी, कारण बाकीचं सगळं तिच्यावर उभं आहे. फिल्म अजून कुणीच पाहिलेली नसते, तेव्हा नकार सगळ्यात जास्त लागतो. मग महोत्सवाच्या त्या एका मेलवर फिल्मची सगळी किंमत ठरते. चाळीस माणसांनी समोर बसून बघितलेल्या फिल्मला नकार आला तरी वाईट वाटतंच, पण तेव्हा ती फिल्म आधीच कुणाची तरी झालेली असते. म्हणून पहिली पायरी मेल येण्याच्या कितीतरी आधीची आहे.

पाठवण्याआधी माणसांत दाखवा

करवीर तालुक्यातल्या एका गुऱ्हाळावर मी एक माहितीपट केला होता. चौदा महिन्यांचं काम, 27 मिनिटांची लांबी. एडिट संपलं त्याच रात्री महोत्सवांचे फॉर्म भरायला बसलो. वर्षभरात सतरा नकार आले. एकानेही कारण दिलं नाही. शेवटी गुऱ्हाळाच्या मालकाचाच फोन आला, "हंगाम संपला, पोरं गावाकडं जायच्या आत दाखव की काय केलंयस ते." खरं सांगायचं तर त्यांना दाखवायचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

मंडपवाल्याकडून पांढरा पडदा आणला आणि भाड्याचा प्रोजेक्टर टेबलावर ठेवला. एका बाजूला चिपाडांचा ढीग, दुसऱ्या बाजूला रस शिजवायची मोठी कढई, म्हणजे काहील, थंड झालेली. चाळीस-पंचेचाळीस माणसं होती. मी पडद्याकडे पाठ करून माणसांकडे तोंड करून बसलो, आणि तुम्हालाही हेच सांगेन. पडदा तुम्ही हजारदा पाहिलाय. सुरुवातीचे ड्रोनचे शॉट चालू होते तोवर पोरं आपापसात बोलत होती. काहिलीत भेंडीचं पाणी पडलं, मळी वर यायला लागली आणि सगळी गप्प झाली. पुढे माझी आवडती मुलाखत आली, तेव्हा दोघं उठून तंबाखू मळायला गेले. हे मी वहीत वेळेसकट लिहून घेतलं.

फिल्म संपल्यावर तिथले म्हातारे गुळवे, म्हणजे गूळ शिजवणारे कारागीर, जवळ येऊन बसले. सगळे त्यांना तात्या म्हणायचे. म्हणाले, "बरं केलंयस रं. पर चुलवाण कुठं बोललं न्हाई तुझं. रस शिजलेला आधी कानाला कळतोय, मग डोळ्याला. तू तर वर गाणं घातलंयस."

चुलवाण म्हणजे काहिलीखालची मोठी चूल. मी त्या प्रसंगावर व्हायोलिन टाकलं होतं. आदण, म्हणजे शिजलेला घाणा, उतरायच्या आधी काहिलीतल्या रसाचा आवाज बदलतो. पातळ खळखळ जाऊन जड, मोकळी 'भप-भप' सुरू होते, आणि तो बदल ऐकून गुळवे पाण्यात चार थेंब टाकून गोळी वळते का बघतात. माझ्या रेकॉर्डरवर तो सगळा आवाज होता. मी तो संगीताखाली पुरला होता. त्या आठवड्यात संगीत काढलं, ड्रोनचे चार मिनिटांचे शॉट काढले, ती मुलाखत निम्मी केली. फिल्म 18 मिनिटांची झाली. पुढे ती दोन महोत्सवांत लागली आणि आठ ठिकाणी पुन्हा नाकारली गेली. पण त्या आठ नकारांना मी सतराव्या नकारासारखा आतून कोसळलो नाही, कारण तात्यांनी ती पाहिली होती.

तर करायचं ते हे. फॉर्म भरण्याआधी फिल्म किमान तीनदा दाखवा. एकदा जिथं शूट केली तिथल्या माणसांना. एकदा सिनेमा भरपूर बघणाऱ्यांना, म्हणजे फिल्म सोसायटीतली मंडळी किंवा शिवाजी विद्यापीठातली मुलं. आणि एकदा विषयाशी काही देणंघेणं नसलेल्यांना. जागेसाठी फार खर्च लागत नाही. तालमीची वरची खोली, ग्रंथालयाचा हॉल, कुणाची तरी गच्ची, काहीही चालतं. "कशी वाटली?" असं विचारू नका. कोल्हापूरचा माणूस तोंडावर "लई भारी" म्हणतो आणि तो खोटं बोलत नसतो, तुमचा मान ठेवत असतो. त्याऐवजी विचारा: कुठे कंटाळा आला, कुठे काही कळलं नाही, घरी जाऊन बायकोला यातलं काय सांगाल. तिसऱ्या प्रश्नाच्या उत्तरात तुमची फिल्म असते.

वही घाला, आणि पैशाची रेघ ओढा

एक साधी वही किंवा एक्सेलची शीट पुरे. महोत्सवाचं नाव, शुल्क, शेवटची तारीख, निकालाची तारीख, प्रीमियरची अट (फिल्म आधी कुठे दाखवलेली नसावी, अशी), कोणता कट म्हणजे फिल्मची कोणती आवृत्ती पाठवली, उत्तर काय आलं. 'कोणता कट' हा रकाना बहुतेक जण ठेवत नाहीत. नंतर 27 मिनिटांच्या कटाला काय झालं आणि 18 च्या कटाला काय झालं, हे तिथूनच कळतं.

शुल्काला मर्यादा हवी. फिल्मला जेवढा खर्च आला त्याच्या दहाव्या भागापेक्षा जास्त पैसे मी प्रवेश शुल्कात घालत नाही. फिल्मफ्रीवेवर, म्हणजे महोत्सवांना ऑनलाइन फिल्म पाठवायच्या साइटवर, अर्ली बर्ड, रेग्युलर, लेट असे टप्पे असतात आणि प्रत्येक टप्प्याला शुल्क वाढत जातं. म्हणजे आळसाचे पैसे पडतात. काही महोत्सवांना आधी मेल करून शुल्कमाफी मागता येते. दोन ओळींत, लाचारी न करता मागा. कुणी देतात, कुणी देत नाहीत.

आणि आकडा डोळ्यांसमोर ठेवा. अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात 2025 साली 11 हजारांवर लघुपट आले आणि त्यातले 57 निवडले गेले. दोनशेत जेमतेम एक. आपल्याकडे इफ्फीच्या, म्हणजे गोव्यातल्या आंतरराष्ट्रीय महोत्सवाच्या, इंडियन पॅनोरमात नॉन-फीचर (लघुपट-माहितीपट) विभागाच्या जागा 20 च्या आसपास, आणि त्यात देशभरातल्या सगळ्या भाषा. हे हिशेब निराश व्हायला नाहीत. अकरा नकार म्हणजे फिल्म वाईट असल्याचा पुरावा होत नाही, एवढंच यातून घ्यायचं. अकरा फारच कमी आहेत.

इथे एक सावधगिरी. नकार लागला की माणूस मलम शोधतो, आणि त्याच वेळी 'तुमची फिल्म विजेती' असे मेल घेऊन काही ऑनलाइन महोत्सव येतात. दर महिन्याला पुरस्कार, पन्नास-साठ विभाग, प्रत्यक्ष चित्रपटगृहात शो कुठेच नाही, आणि ट्रॉफी हवी तर वेगळे पैसे. अशा ठिकाणी पैसे घालू नका. गेल्या वर्षी कुठल्या सभागृहात, कोणत्या फिल्म दाखवल्या, किती माणसं आली, याचे फोटो आणि वेळापत्रक मिळतंय का ते बघा. मिळत नसेल तर तो महोत्सव तुमच्यासाठी नाही.

मेल आला त्या दिवशी

काही करू नका, म्हणजे खरंच काही करू नका. उत्तर लिहू नका, स्टेटस ठेवू नका, निवडलेल्यांची यादी उघडू नका, आणि मुख्य म्हणजे एडिटची टाइमलाइन उघडू नका. माझ्या एका फिल्मचा चांगला शेवट मी नकाराच्या रात्री दोन वाजता कापून टाकला होता. जुनी प्रोजेक्ट फाइल होती म्हणून वाचलो.

लहानपणी मंगळवार पेठेतल्या एका तालमीत जायचो. मैदानात पोरगा चितपट होऊन आला की वस्ताद त्या रात्री त्याला एक शब्द शिकवायचे नाहीत. दूध पाजायचे, पोटभर जेवायला घालायचे. डाव कुठे चुकला ते दुसऱ्या दिवशी पहाटे मातीत उतरल्यावर सांगायचे. तेवढंच स्वतःसाठी करा. जेवा. रंकाळ्याला एक फेरी मारा. एका माणसाला सांगा, एकालाच, जो लगेच उपाय सांगायला लागणार नाही अशाला. वाईट वाटणं दोन-तीन दिवस चालू द्या. ते दाबलं की पुढच्या शूटवर कॅमेरा असिस्टंटवर निघतं. मी पाहिलंय, आणि केलंयसुद्धा.

नकार वाचायचा कसा

चौथ्या दिवशी वही घेऊन बसा. सगळे नकार सारखे नसतात.

पहिला, आणि बहुतेक, साच्यातला मेल: 'यंदा प्रवेशिका खूप होत्या, खेद आहे'. यातून फिल्मबद्दल काहीही कळत नाही. त्यातल्या शब्दांचा कीस पाडू नका. 'दुर्दैवाने' हा शब्द का घातला असेल यावर मी एकदा एक अख्खी संध्याकाळ घालवली आहे.

दुसरा, 'अंतिम यादीपर्यंत आली होती' असं लिहिलेला. ही बातमी चांगली आहे. वहीत ठळक लिहा आणि पुढची फिल्म तिथे पाठवताना पत्रात त्याचा उल्लेख करा.

तिसरा, एखाद्या कार्यक्रम-संयोजकाने स्वतःच्या नावाने, दोन ओळी स्वतः लिहून पाठवलेला. यालाच उत्तर द्यायचं. मी एवढं लिहितो: "आपण वेळ काढून फिल्म पाहिलीत, मनापासून आभार. एखादी सूचना द्यावीशी वाटली तर आवडेल. पुढची फिल्म नक्की पाठवेन." वाद घालायचा नाही, दुसऱ्या महोत्सवात निवड झाल्याचं ऐकवायचं नाही.

चौथा प्रकार म्हणजे काहीच न येणं. निकालाच्या तारखेनंतर दोन आठवडे थांबा, स्पॅम तपासा, एक मेल करा आणि वहीत 'नाही' लिहून पुढे जा. व्हिमिओवर, जिथून आपण फिल्मची लिंक देतो, कुणी किती सेकंद पाहिलं हे दिवसातून दहा वेळा बघू नका. निवड समिती कधी डाउनलोड करून बघते, कधी दोघं मिळून एकाच स्क्रीनवर. तो आकडा पुरा बोलत नाही.

मग कारणांचा विचार. न निवडण्याची कितीतरी कारणं फिल्मच्या दर्जाबाहेरची असतात. लघुपट बहुधा दीड तासाच्या गुच्छात दाखवतात. त्यात 27 मिनिटांची एक फिल्म घ्यायची तर 9 मिनिटांच्या तीन फिल्म बाहेर राहतात, म्हणून लांब लघुपटाला चाळणी बारीक लागते. त्याच विषयावरची दुसरी फिल्म आधीच घेतलेली असते. प्रीमियरची अट असते आणि तुम्ही फिल्म आधीच यूट्यूबवर टाकलेली असते. या शेवटच्या कारणावर मात्र तुमचा ताबा आहे, म्हणून महोत्सवांची फेरी संपेपर्यंत फिल्म ऑनलाइन टाकू नका. तुमचा छोटा स्थानिक शो आणि महोत्सवाचा प्रीमियर यांत काही ठिकाणी फरक करतात, काही ठिकाणी करत नाहीत. नियमावली वाचा, कळलं नाही तर आधी विचारा.

जी कारणं फिल्ममध्येच असतात, ती माझ्या अनुभवात तीनच ठिकाणी सापडतात: पहिली दोन-तीन मिनिटं, आवाज, आणि इंग्रजी सबटायटल. सबटायटलबद्दल थोडं थांबून सांगतो, कारण कोल्हापुरी बोलीत काम करणाऱ्यांचं इथे फार नुकसान होतं. "नाद खुळा" याचं शब्दशः इंग्रजी करून ठेवलेलं मी पाहिलंय. कोल्हापूर कधी न पाहिलेल्या परीक्षकाला त्यातून वेडाशिवाय काही कळणार नाही. सबटायटल मराठी येत नसलेल्या एका माणसाला आवाज बंद करून वाचायला द्या आणि गोष्ट काय आहे ते त्याच्याकडून ऐका.

बदल किती करायचा? एकाच जागेबद्दल तीन वेगवेगळ्या माणसांनी, एकमेकांशी न बोलता, तक्रार केली तर ती जागा बदला. एकट्याच्या मतावर कात्री चालवू नका. तात्यांचं मी एकट्याचं ऐकलं, कारण त्या आवाजाबद्दल त्यांच्याइतकं कळणारं दुसरं कुणी नव्हतं.

टीमला आणि घरच्यांना तुम्हीच सांगा

ज्यांनी फुकट किंवा निम्म्या पैशांत काम केलं, त्यांना नकार दुसऱ्याकडून कळू नये. ग्रुपवर दोन ओळी टाका: कुठून नाही आलं, पुढे कुठे पाठवलंय, आणि त्यांच्या कामातलं प्रेक्षकांना काय आवडलं. साउंडवाल्या पोराला तात्यांचं वाक्य मी फोन करून सांगितलं. तो अजून माझ्याबरोबर आहे.

घरचा प्रश्न वेगळा. "काय झालं रे तुझ्या पिक्चरचं?" हे आत्या हळदीच्या कार्यक्रमात विचारणार, आणि तिला ते काळजीपोटी विचारायचं असतं. उत्तर आधीच ठरवून ठेवा, म्हणजे ऐनवेळी आवाज चढत नाही. मी म्हणतो, "आत्या, सहा ठिकाणचा निकाल यायचाय. तोवर तुला घरी येऊन दाखवतो." आणि खरंच दाखवतो. आईवडिलांशी मात्र पैशाचं स्पष्ट बोला. वर्षाला किती मिळतात, फिल्ममध्ये किती घालणार, किती घालणार नाही. लग्नाच्या शूटिंगवर जगणं यात कमीपणा नाही. चालत्या वरातीत, कमी प्रकाशात, दुसरा टेक न घेता शॉट पकडायला मी तिथेच शिकलो.

कुठे दाद मागता येते

महोत्सवाच्या निवडीवर अपील नसतं, तो विषय सोडा. पण सेन्सॉर प्रमाणपत्राचं तसं नाही. परीक्षण समितीचा निर्णय मान्य नसेल तर पुनरीक्षण समितीकडे जाता येतं. त्यापुढचं अपील लवाद 2021 मध्ये रद्द झालं, त्यामुळे आता पुढची पायरी थेट उच्च न्यायालय. राज्य सरकारच्या मराठी चित्रपट अनुदानातही दर्जा ठरवून रक्कम मिळते. तिथे अर्ज कागदपत्रांवरून अडकला की गुणांवरून, हे लेखी विचारून घ्या. कागदपत्रांचा नकार हा नकार नसतो, ती अपुरी फाइल असते.

पुढच्या कामाची तारीख निकालाआधी ठरवा

निकालाची तारीख वहीत लिहिली की लगेच तिच्यानंतरच्या आठवड्यात पुढच्या फिल्मचं एक ठोस काम लिहा. रेकी (शूटची जागा बघून येणं), एखादी मुलाखत, पटकथेचा पहिला खर्डा, काहीही, पण दुसऱ्या माणसाबरोबरचं. एकट्याने ठरवलेलं काम नकाराच्या आठवड्यात हमखास ढकललं जातं. कुणीतरी पन्हाळ्याच्या पायथ्याशी सकाळी सहाला तुमची वाट बघत उभा असेल तर उठावंच लागतं.

पडल्यावर पुन्हा कामाला लागणं आपल्या गावाला नवं नाही. आनंदराव आणि बाबूराव पेंटर या भावांनी कोल्हापुरात सिनेमाचा ध्यास घेतला. स्वतःचा कॅमेरा तयार करण्याची खटपट चालू असतानाच 1916 मध्ये आनंदराव गेले. बाबूरावांनी आपले शिष्य विष्णुपंत दामले यांना बरोबर घेऊन तो कॅमेरा पुरा केला आणि 1920 मध्ये 'सैरंध्री' हा मूकपट आणला. दिग्दर्शक भालजी पेंढारकरांचा स्टुडिओ गांधीहत्येनंतरच्या 1948 च्या जाळपोळीत जळाला, तो त्यांनी पुन्हा उभा केला. त्यांचं दुःख आणि आपला मेल यांची बरोबरी करायची नाही. पण दोन्ही वेळा हातात काम होतं आणि बरोबर माणसं होती. ही जोडी मला उपयोगाची वाटते.

मन फारच खचलं तर

दोन आठवडे उलटूनही झोप लागत नसेल, जेवण जात नसेल, कॅमेऱ्याला हात लावावासा वाटत नसेल, किंवा आपण नसलेलं बरं असे विचार येत असतील, तर तो आता फिल्मचा विषय राहिलेला नाही. घरात कुणाला तरी सांगा, डॉक्टरांना भेटा. सरकारची टेलिमानस हेल्पलाइन 14416 या क्रमांकावर चोवीस तास मोफत आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं. आपल्याकडे पोरं हे लपवतात. लपवू नका.

एखादी फिल्म पाठवणं कधी थांबवायचं

मी दीड वर्ष किंवा ठरवलेलं शुल्क, यातलं जे आधी संपेल तिथे थांबतो. अनेक महोत्सवांत फिल्म किती जुनी चालते याला मर्यादा असतेच. थांबल्यावर फिल्म कपाटात टाकायची नाही. यूट्यूबवर टाका, पण टाकण्याआधी जिथं शूट केली तिथं एक शेवटचा शो लावा. शाळा, महाविद्यालयं आणि विषयाशी संबंधित संस्थांना विचारा. गुऱ्हाळाची फिल्म एका कृषी महाविद्यालयाने वर्गात दाखवली. असा विचार मी फॉर्म भरताना कधी केलाच नव्हता.

मास्टर फाइल, वेगळा ऑडिओ, सबटायटलची फाइल आणि पूर्ण प्रोजेक्ट दोन हार्ड डिस्कवर ठेवा, आणि त्या दोन वेगळ्या घरांत. 2019 आणि 2021 च्या पुरात पंचगंगेचं पाणी कुठवर आलं होतं ते आठवून दुसरं घर निवडा. माझी एक डिस्क इथे घरी असते, दुसरी मोरेवाडीच्या चढावर मावशीकडे, कपाटात वरच्या खणात. त्यावर चिकटपट्टी लावून लिहिलंय: 'गुऱ्हाळ, 18 मिनिटं, चुलवाणाच्या आवाजासह'.